तीन काजं आणि एक खिसा

सावेडीत माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराच्या पुढच्या खोलीला शटर लावलंय, आत दोन मशीन आणि एक कटिंगचं टेबल. तिथं येणाऱ्या बायका जगभर फिरतात. कुणी केदारनाथला जाऊन येतं, कुणी दुबईला, आणि माप देता देता मला सगळं साग्रसंगीत सांगतात. या वर्षी मी दीड महिना शटर पाडून ठेवलं, तर उघडल्याबरोबर प्रत्येकीचा एकच प्रश्न, मंगलताई, गेला होतात कुठं? मी सांगते, जिल्ह्याच्या बाहेर पाऊल टाकलं नाही. पूर्वेला पाथर्डी, उत्तरेला शिर्डी, एवढ्यातच फिरले. फक्त निघताना दोन किडन्या होत्या आणि परत आले तेव्हा एक होती.

मग माप राहतं बाजूला. पोट किती फाडलं, टाके किती पडले, आता वजन उचलता येतं का, मशीन मारता येतं का. एकेकीला सांगून जीभ दमली म्हणून एकदाच लिहून काढते. ज्यांना या वाटेला जावं लागलं नाही त्यांनी करमणूक म्हणून वाचावं. ज्यांना जावं लागणार आहे त्यांनी नीट वाचावं.

करंजी घाटाच्या पलीकडं

माझा धाकटा भाऊ भानुदास पाथर्डीकडच्या आमच्या गावी शेती करतो. बेचाळिशीचा गडी. ब्लडप्रेशर वाढलं, यानं गोळी कधी घेतली कधी नाही, आणि दोन्ही किडन्या कामातून गेल्या. वर्षभर आठवड्यातून तीन दिवस एसटीनं नगरला यायचं, चार तास डायलिसिसच्या मशीनला जोडून घ्यायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. अंगातलं रक्त बाहेर काढून धुऊन परत भरतात, तसं ते काम. माणूस त्यानं जगतो, पण निम्मा जगतो. डॉक्टर म्हणाले, घरातल्या कुणाची किडनी मिळाली तर बघा. त्याची बायको वैशाली लगेच तयार झाली, पण तपासणीत तिलाच शुगर निघाली. आई-वडील नाहीत. राहिले मी. माझा रक्तगट त्याचाच आहे हे मला बाळंतपणापासून माहीत होतं.

ठरवायला मला एक ब्लाऊज कापायला लागतो तेवढाच वेळ लागला. आमचे हे रिक्षा चालवतात. त्यांना जेवताना सांगितलं. त्यांनी घास संपवला, पाणी प्यायले, आणि विचारलं, तू परत उठून चालायला कधी लागशील? मी म्हटलं, दुसऱ्या दिवशी. ते म्हणाले, मग मी भाकरी थापायला शिकून घेतो. एवढ्यावर आमच्या घरातली चर्चा संपली.

भाऊ मात्र ऐकेना. फोनवर हा विषय काढला की रेंज गेल्यासारखं करायचा. म्हणून मे महिन्यात मी एसटी धरली आणि माहेरी निघाले. नगर सोडलं, करंजी घाट ओलांडला की आमचा मुलूख लागतो. नांगरून ठेवलेली तांबडी-काळी रानं, बांधावर बाभळी, आणि रस्त्यावर गाडीच्या पुढं-मागं पाण्याचे टँकर. मला तो मुलूख आवडतो. उगाच हिरवं दाखवून कुणाला फसवत नाही.

आमच्याकडं पाहुणा उंबऱ्यात आला की आधी पाण्याचा तांब्या. टँकर चार दिवसांनी येत असला तरी तांब्या काठोकाठ भरलेला पाहिजे. अर्धा भरून दिला तर पाहुण्याचा अपमान, आणि पाहुण्यानं तोंड लावलं नाही तर घरच्यांचा. मी ओट्यावर बसले, वैशालीनं तांब्या दिला, मी घटाघटा प्यायले आणि मग बघितलं तर भानू माझ्या गळ्याकडं बघत होता. त्याच्याजवळ अर्ध्या लिटरची बाटली होती, तिच्यावर पेनानं रेघा मारलेल्या. सकाळ, दुपार, संध्याकाळ. दिवसभरात तेवढंच. किडनी चालत नाही म्हणजे प्यायलेलं पाणी बाहेर पडत नाही, ते अंगात साठतं, फुप्फुसात जातं. वैशालीनं हळूच सांगितलं, हे आता कुणाच्या घरीच जात नाहीत. लग्न नाही, सांत्वनाला नाही. तांब्या पुढं आला की काय सांगायचं?

जेवायला शेंगोळी केली होती. मला वाटीभर, त्याला वेगळा भात-भोपळा. जेवण झाल्यावर मी विषय काढला. त्यानं मान खाली घातली आणि दोन कारणं सांगितली. पहिलं कारण गावातले शंकरनाना. त्यांनी फार वर्षांपूर्वी मुलाला किडनी दिली, जुन्या पद्धतीनं, पोटापासून पाठीपर्यंत चिरून. नाना अजून आहेत, पण एका अंगावर झुकून चालतात. तू नानासारखी वाकडी झालीस तर मशीनवर बसशील कशी, असं त्याचं म्हणणं. दुसरं कारण त्यानं माझ्याकडं न बघता सांगितलं.

"आक्का, भाऊ बहिणीला देतो. बहिणीकडून घेत न्हाई. ही उलटी रीत मला नको."

मला राग आला. खूप आला. उत्तर माझ्या ओठावर होतं, पण मी गिळलं. म्हटलं, नानांचं कारण आधी संपवू, दुसऱ्याचं मग बघते.

नागापूर

शमीमभाभी माझ्या जुन्या गिऱ्हाईक. एमआयडीसीला लागून नागापुरात राहतात. त्यांचे पंजाबी ड्रेस मी शिवते. एका वर्षी त्या म्हणाल्या, डावी बाही सैल ठेव, हातावर सुई टोचायची शीर तयार केलीय. तेव्हापासून मला डायलिसिस हा शब्द माहीत झाला. पुढं दोनेक वर्षांनी त्या आल्या आणि म्हणाल्या, आता बाही मापाची कर. नवऱ्यानं किडनी दिली होती.

भानूला मी सांगितलं नाही कुठं नेतेय. डायलिसिस नसलेल्या एका दिवशी तो माझ्याकडं आला होता, त्याला ह्यांच्या रिक्षात घातलं आणि थेट नागापुरात उतरवलं. रशीदभाई लेथवर काम करतात, पहिली पाळी संपवून नुकतेच आले होते. शमीमभाभींनी पाणी आणलं. मला भरलेला ग्लास, ह्यांना भरलेला ग्लास, आणि भानूपुढं एक लहान कप, त्यात चार घोट. ठेवला आणि ओढणी सावरून समोर बसल्या. वर्षभरात ज्या घरात पाणी मोजून मिळालं असं ते एकच घर. भानूनं कप उचलला आणि मला वाटतं तो तिथंच निम्मा विरघळला.

रशीदभाई सरळ माणूस. त्यांनी बनियन वर केला. मी नजर बाजूला करणार होते, मग म्हटलं आलो कशाला आहोत. डाव्या बाजूला तीन ठिपके, बारक्या बटणाला काज करतो तेवढे. आणि खाली बेंबीच्या बरंच खाली आडवी रेघ, चार बोटांची. एवढंच. त्यांनी समजावून सांगितलं की पोटात गॅस भरून फुगवतात म्हणजे आत काम करायला जागा होते. एका भोकातून कॅमेरा, बाकीच्यांतून लांब दांड्याची हत्यारं. डॉक्टर टीव्हीवर बघत किडनी सोडवतात. सुटली की पिशवीत घालून खालच्या चिरेतून बाहेर. बरगडीला हात नाही, पाठीला हात नाही.

भानूनं विचारलं, लेथवर कधी गेलात? ते म्हणाले, दीड-दोन महिन्यांनी, आणि सुरुवातीला लोखंडाचा जड जॉब उचलायला दुसरा माणूस घेतला. वर्षातून एकदा तपासणी, ब्लडप्रेशरवर लक्ष, दुखतंय म्हणून मनानं गोळी घ्यायची नाही. मग बनियन खाली ओढला. म्हणाले, खोटं कशाला सांगू, पहिले चार दिवस दुखतं.

मला हा माणूस त्या शेवटच्या वाक्यामुळं पटला. आणि खरं सांगू, मला ते सगळं प्रकरणच ओळखीचं वाटलं. काज करताना आपण कापड उसवत नाही. जेवढं बटण तेवढीच वाट, बाकी कापड जागच्या जागी. तीन काजं आणि एक खिसा. इतक्या वर्षांत मी किती काजं केली असतील, आता माझ्यावर कुणीतरी तीन करणार होतं.

परत येताना रिक्षात भानू म्हणाला, तपासण्या करू. फक्त तपासण्या. त्याच्या मनात होतं की काहीतरी जुळणार नाही आणि सुटका होईल. मी होकार दिला.

पाटाच्या पाण्याचा मुलूख

आमचं हॉस्पिटल जिल्ह्याच्या उत्तरेला. नगर-मनमाड रस्त्यानं राहुरी ओलांडली की डोळे दिपतात. मे महिन्यातही ऊस उभा, पाट भरून वाहतोय, आणि पाटात म्हशी मानेपर्यंत बसलेल्या. एका घरापुढं बाई पाइप लावून अंगण धूत होती. भानू खिडकीतून बघत होता, म्हणाला, जिल्हा एकच का गं हा? चहासुद्धा वेगळा. आमच्याकडं कपभर चहात साखर बोटानं शोधावी लागते, इकडं चमचा उभा राहील. पाणी मात्र इकडं कुणी आवर्जून पुढं करत नाही, कोपऱ्यात माठ असतो, हवं त्यानं घ्यावं. भानूला हे फार बरं वाटलं.

तपासण्या चार फेऱ्यांत झाल्या. रक्त, लघवी, छाती, हृदय, मग एक स्कॅन, त्यात माझ्या किडन्यांच्या शिरा झाडाच्या मुळ्यांसारख्या दिसल्या. सगळं जुळलं. डॉक्टरांनी सांगितलं की डावी घेऊ, तिची शीर लांब असते, जोडायला सोपी. भानूचा चेहरा पडला आणि माझा फुलला. लोकांना वाटलं असेल किडनी मलाच मिळणार आहे.

आणि मग कागदांवर गाडी अडली. किडनी जवळच्या नात्यातच देता येते, नातं कागदावर सिद्ध करावं लागतं. तिथल्या कोऑर्डिनेटर मॅडम, म्हणजे हे सगळं जुळवून आणणाऱ्या बाई, फाइल उघडून बसल्या आणि विचारलं, तुम्ही नक्की कोण? माझं आधारकार्ड मंगल. शाळेचा दाखला चंद्रकला. लग्नात सासरच्यांनी नाव बदललं होतं. आडनाव तर बदलतंच, आमच्याकडं ताटात तांदूळ पसरून त्यात नवं नावही लिहितात. मला तेव्हा मजा वाटली होती. पंचवीस वर्षं मंगल म्हणून राहिले, माहेरच्या रेशनकार्डावरून माझं नाव कधीच निघालं. कागदावर भानुदासला चंद्रकला नावाची बहीण होती, आणि किडनी द्यायला बसलेली मंगल त्याची कुणीच नव्हती.

मॅडम भल्या होत्या. म्हणाल्या, दोन्ही नावं आणि भावाचं नातं एकत्र लिहिलेला एखादा जुना सरकारी कागद आहे का? नोंदणी केलेला असेल तर फारच उत्तम.

मला तो कागद त्याच क्षणी आठवला. मी भानूकडं बघितलं. तो फरशीकडं बघत होता, म्हणजे त्यालाही आठवला होता. मी तोंड उघडणार होते, मग गप्प बसले. म्हटलं, हा कागद त्यानं काढायचा. तो काढणार नसेल तर माझी किडनी त्याच्या अंगात जाऊनही उपयोग नाही. मॅडमना सांगितलं, घरी शोधतो. आणि निघालो.

राहुरीच्या अलीकडची रसवंती

ऊन कडक होतं. एसटी एका रसवंतीपाशी थांबली. घुंगरू लावलेलं मशीन, उसाचा ढीग, बाकडी. मी एक ग्लास रस घेतला. भानूनं रसवंतीवाल्याकडून बर्फाचा एक खडा मागून घेतला आणि तोंडात धरला. डायलिसिसवाल्यांची ही युक्ती, पाणी कमी जातं आणि तोंड ओलं राहतं. लहानपणी आम्ही दोघं पाव्हण्यांनी दिलेली गोळी अशीच आळीपाळीनं चघळायचो. मला रस गोड लागेना.

खडा विरघळून गेला. मग म्हणाला, "आक्का, हक्कसोडीचा कागद हाय. पेटीत. त्यात तुझी दोन्ही नावं हायेत."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. वडील गेले की शेतात मुलीचाही हिस्सा असतो. आणि आमच्याकडं मुली कचेरीत जाऊन सही करतात की आम्ही तो सोडला. कुणी बळजबरी करत नाही, फक्त सगळे धरूनच चालतात. मीही केली होती. चंद्रकला ऊर्फ मंगल, भानुदासची बहीण, स्वखुशीनं हक्क सोडत आहे. त्या दिवशी भानूनं मला चहा पाजला होता आणि साडी घेतली होती. मी हसत हसत घरी गेले होते. आणि त्या साडीची घडी मी कधी मोडली नाही.

करंजी घाटापासून गिळून ठेवलेलं उत्तर मी तेव्हा दिलं. आवाज चढवला नाही.

"भानू, शेत सोडलं तेव्हा घेतलंस ना माझ्याकडून? तेव्हा नाही उलटी रीत वाटली. मग आता कशाला लाजतोस?"

तो रडायला लागला. बाकड्यावर, सगळ्या एसटीदेखत. रसवंतीवाल्यानं मशीन थांबवलं. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदम. माझ्या मनात ते शेत नव्हतं गं, पण ती सही होती. सही कुणी आठवणीत ठेवली नाही याचं दुःख होतं. त्यानं ठेवली होती. डोळे पुसून तो म्हणाला, घेतो. एसटीत बसल्यावर तो माझ्या खांद्यावर मान टाकून झोपला, थेट नगर येईपर्यंत.

हॉस्पिटल

तो कागद चालला. त्याच्या जोडीला बाकीचे कागद लागले, तेही झाले. मग कमिटीपुढं मुलाखत, कॅमेरा लावून. मला एकटीला बसवून विचारलं, तुमच्यावर कुणाचं प्रेशर आहे का? मी म्हटलं, प्रेशर आहे, पण ते माझं त्याच्यावर आहे. झालं. सगळे गंभीर. पुन्हा पहिल्यापासून विचारपूस, ह्यांना बोलावलं, भानूला बोलावलं. तिथं विनोद करू नये, ही सूचना मी खास नमूद करते. शेवटचा प्रश्न होता, या बदल्यात काही घेतलंय का, पुढं घेणार आहात का? कायद्यानं काहीच घेता येत नाही. मी स्पष्ट सांगितलं, काही घेतलं नाही, घेणार नाही.

ऑगस्टमध्ये तारीख मिळाली. आदल्या दिवशी सर्जनबाई आल्या. माझ्यापेक्षा लहान, बारीक हातांच्या. मी आधी माणसाचे हात बघते, धंद्याची सवय. त्यांनी पेननं पोटावर खुणा केल्या, आम्ही खडूनं करतो तशा. मी विचारलं, खिसा कुठं? त्या हसल्या, त्यांना आधीच कुणीतरी माझं काज-खिशाचं सांगितलं होतं. साडीच्या खाली झाकला जाईल, म्हणाल्या. मग हसू बाजूला ठेवून सांगितलं की आत रक्तस्राव झाला किंवा अडचण आली तर दुर्बिणीचं काम सोडून मोठी चीर घ्यावी लागते. क्वचित, पण लागते. त्याचीही सही पाहिजे. शंकरनाना माझ्या डोळ्यांपुढून चालत गेले. मी सही केली. या खेपेला काय सोडतेय ते पूर्ण वाचून केली.

भानूची खोली शेजारी. सकाळी मला आधी नेलं. स्ट्रेचर त्याच्या दारातून जाताना त्यानं हात वर केला, मीही केला. पुढचं मला माहीत नाही.

जाग आली तेव्हा पोट नव्हे, उजवा खांदा दुखत होता. मला वाटलं डॉक्टरांनी चुकून दुसरीकडंच कापलं. नर्सनं सांगितलं, पोटात भरलेल्या गॅसचा थोडा अंश राहतो, तो वर खांद्याला कळ मारतो, दोन दिवसांत जातो. मी तिला म्हटलं, किडनी द्यायचं ठरलं होतं, खांदा कुणी मागितला? पण खांद्यापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच होती. तहान. एवढी तहान मला जन्मात लागली नव्हती. पाणी द्यायला अजून परवानगी नव्हती. नर्स ओल्या कापसानं ओठ पुसायची आणि मी त्या कापसाकडं लहान मुलासारखी बघायची. तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला की भानू वर्षभर असा राहिलाय. रेघा मारलेली बाटली घेऊन. आणि मी त्याच्यासमोर घटाघटा तांब्या रिकामा केला होता. मला रडू आलं, आणि रडलं की टाके दुखतात हेही कळलं.

तेवढ्यात हे आले. डोक्यावर हॉस्पिटलची कागदी टोपी, डोळे लाल. म्हणाले, तुझं दुर्बिणीतूनच झालं, मोठी चीर लागली नाही. आणि भानूची लघवी टेबलावरच सुरू झाली. आमच्या लग्नानंतर ह्यांनी मला इतकी चांगली बातमी कधी दिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी चालले. वाकून, पोटाला उशी धरून, पण चालले. एकच अडचण झाली, परकराची नाडी. गाठ बरोबर दुखऱ्या जागेवर बसायची. शेजारच्या खोलीत एक मावशी होत्या, मुलाला किडनी दिलेल्या, त्यांचंही तेच रडगाणं. डॉक्टरांना हे कुठलं सुचायला. मी ह्यांना सुई-दोरा आणायला लावला आणि पलंगावर बसून दोन्ही परकरांच्या नाड्या काढून रुंद मऊ पट्टे लावले, गाठ कुशीवर येईल असे. सर्जनबाई राऊंडला आल्या, पट्टा निरखून बघितला आणि म्हणाल्या, हे आम्हाला सुचायला हवं होतं. मी फुगले.

शिर्डीवरून परत

पाचव्या दिवशी सुट्टी मिळाली. भानूला अजून थांबायचं होतं. निघताना काचेतून त्याला बघितलं, तोंडाला मास्क, चेहऱ्यावरची सूज उतरलेली. त्यानं मला लघवीची पिशवी दाखवली, मुलं बक्षीस दाखवतात तशी.

शिर्डी जवळच, म्हणून ह्यांनी मित्राची गाडी तिकडं वळवली. रांगेत उभं राहायची ताकद नव्हती. बाहेरच्या गल्लीत फुलवाल्या बाईनं मला पोट धरून चालताना बघितलं आणि टोपल्यांमागचं स्टूल पुढं सरकवलं. सिझर झालंय का, तिनं विचारलं. मी मान हलवली. ती माझ्या पिकलेल्या केसांकडं बघून चकित झाली.

"या वयात? काय झालं मग?"

"भाऊ झाला," मी म्हटलं.

ह्यांना हसू आवरेना. बाईला नीट सांगितल्यावर तिनं झेंडूचा हार माझ्या गळ्यात घातला आणि म्हणाली, आज देवाला नको. तो हार मी अजून जपून ठेवलाय, वाळलाय पण आहे.

त्यानंतरचा नगरपर्यंतचा रस्ता म्हणजे प्रत्येक गतिरोधकाला पोटावर उशी दाबणं. राहात्याला पेरूच्या गाड्या लागल्या होत्या, एक पेरू घेतला, मीठ न लावता खाल्ला. विळदचा घाट ओलांडला, नागापूरच्या कारखान्यांच्या चिमण्या दिसल्या, आणि मला वाटलं परदेशातून आले. दीड महिना ह्यांच्या हातच्या भाकऱ्या खाल्ल्या. त्यांच्याविषयी काही लिहीत नाही.

सावेडी, भाऊबीज

भानू भाऊबिजेला आला. डॉक्टरांना विचारून, मास्क लावून, आपलं उकळून गार केलेलं पाणी सोबत घेऊन. करंजी घाटाच्या पलीकडून आला तो रेघांची बाटली नसलेला. अंगावर मांस धरलं होतं. औषधं जन्मभर आहेत, घड्याळ लावून घ्यायची, त्याचा डबा वैशालीच्या पिशवीत.

मी पाट मांडला, ताट केलं, ओवाळलं. त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. सातबाऱ्यावर माझं नाव परत लावायचा अर्ज. चंद्रकला ऊर्फ मंगल. तो माझ्यापुढं धरला. आक्का, भाऊ देतो, म्हणाला.

मी कागद वाचला. पूर्ण वाचला. माझं नाव त्या मातीवर बघून आत काहीतरी हललं, ते खोटं कशाला सांगू. पण मी घडी घालून तो त्याच्या खिशात परत ठेवला. म्हटलं, अरे, कॅमेऱ्यासमोर सांगितलंय काही घेणार नाही. मला तुरुंगात घालतोस का? तो रडवेला झाला. रिकामं ताट घेऊन बहीण उठणार हे त्याला सहन होईना.

मी आत गेले. माहेरून लग्नात आलेला पितळी तांब्या घासून ठेवला होता. त्यात त्यानंच आणलेलं पाणी काठोकाठ भरलं आणि आणून त्याच्यापुढं ठेवला.

"हे पी माझ्यासमोर. सगळं. तीच माझी ओवाळणी."

त्यानं मास्क खाली केला. दोन्ही हातांनी तांब्या उचलला आणि प्यायला लागला. गळ्याची घाटी वर-खाली होत होती. वैशाली सवयीनं पुढं झाली, बास म्हणायला, आणि मग तिच्याच लक्षात आलं आणि ती मागं सरकली. हे रिक्षाची चावी हातात घेऊन दारात उभे होते, तसेच उभे राहिले. मी मोजत नव्हते. शेवटच्या घोटाला त्यानं तांब्या पार उलटा केला, खाली ठेवला, तोंड पुसलं, आणि लहानपणी मागायचा तसं म्हणाला, "आक्का, अजून हाय का?"